मागणे आजच्या भाकरीपुरते

धाराशिवच्या माणसाला भाकरी समजावून सांगावी लागत नाही. हा रब्बी ज्वारीचा मुलूख आहे. म्हणूनच येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी बायबलात वाचताना मी एका शब्दापाशी नेहमी थांबतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे रोटी किंवा पाव अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्या अनुवादकांनी त्या जागी ‘भाकर’ ठेवली आणि गालीलच्या सरोवराकाठची प्रार्थना परंडा-भूमच्या चुलीपाशी येऊन बसली.

या भाकरीच्या मागण्यात एक अट दडलेली आहे. मागायची ती फक्त आजची. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती ‘आज’ मागितली आहे, लूकच्या अकराव्या अध्यायात ‘रोजच्या रोज’. ‘रोजची’ असे आपण ज्याचे भाषांतर करतो तो ग्रीक शब्द या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडतच नाही. त्याच्या अर्थावर पंडितांचा वाद अजून चालू आहे. पण त्यामागची आठवण स्पष्ट आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना आभाळातून मान्ना मिळत होता आणि उद्यासाठी म्हणून राखून ठेवला की त्यात किडे पडत होते.

दारूने पोखरलेल्या घरात ‘आज’ हा शब्द सहसा उच्चारलाच जात नाही. तिथे सगळी भाषा उद्याची असते. पाडव्यापासून सोडतो. पोरीचं लग्न झालं की सोडतो. भवानीची शपथ, पुन्हा हात लावणार नाही. शपथ घेताना तो माणूस खोटे बोलत नसतो, आणि माळ घालून खरोखर सुटलेली माणसेही मराठवाड्यात गावोगाव आहेत. तरी जन्मभराच्या शपथेचे ओझे ज्याला पेलवत नाही, त्याच्यासाठी या प्रार्थनेने माप लहान केले आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगांमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ असे म्हणतात. अमेरिकेतल्या अनेक मीटिंगांचा शेवट अजूनही याच प्रभूच्या प्रार्थनेने होतो. भाकरीचा आणि त्या बोधवाक्याचा हिशेब एकच आहे.

प्रार्थनेच्या शेवटाकडे ‘परीक्षा’ हा शब्द येतो. आम्हाला तिच्यात घालू नकोस, असे मागणे आहे. परीक्षा म्हटले की धाराशिवकरांच्या डोळ्यांपुढे तेर यावे. तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि गोरोबांनी त्या थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कच्चे-पक्के पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेव कच्चे निघाले, रागावले आणि शेवटी विसोबा खेचरांकडे गेले. दारू सोडून चार दिवस झालेला माणूस अड्ड्यावर जाऊन बसतो. ‘नुसता बसतो, पीत नाही,’ म्हणतो. तो स्वतःलाच थापटणे मारून पाहत असतो. आपले मडके अजून ओले आहे, आज कुणी ठोकू नये, असे हात जोडून सांगायची मुभा ही प्रार्थना त्याला देते. मला त्यात दुबळेपणा दिसत नाही. आपण ओले आहोत हे ओळखणे हीच भाजण्याची सुरुवात आहे.

व्यसनमुक्तीच्या जगात याहून जास्त वेळा म्हटली जाणारी प्रार्थना मात्र दुसरी आहे. अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांनी ती १९३० च्या दशकात लिहिली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या मजकुरात ही प्रार्थना त्या मंडळींच्या नजरेस पडली. त्यांनी ती छोट्या कार्डांवर छापून वाटली. तिच्यात तीन मागण्या आहेत: बदलता न येणारे स्वीकारण्यासाठी शांती, बदलता येणारे बदलण्यासाठी धैर्य आणि या दोहोंतला भेद कळण्यासाठी शहाणपण. दारूचे नाव कुठेही नाही. तहान घालव, ग्लास हातातून काढून घे, असले काही मागितलेले नाही.

नीबूर यांच्या कन्या एलिझाबेथ सिफ्टन यांनी २००३ साली या प्रार्थनेवर पुस्तक लिहिले. त्यात दिलेला मूळ पाठ आणि कार्डावरचा पाठ शेजारी ठेवले की खरा रस सुरू होतो. मूळ प्रार्थना अनेकवचनात आहे. कार्डावर ती ‘मला’ झाली. मुळात जे बदलायला हवे ते बदलण्याचे धैर्य मागितले आहे. कार्डावर जे मला बदलता येते तेवढेच उरले. मुळात आधी देवाची कृपा मागितली आहे. कार्डावर तो शब्द गळून थेट शांतीच मागितली गेली.

‘बदलायला हवे’ आणि ‘बदलता येते’ यांतले अंतर आपल्या जिल्ह्यात पायी चालून मोजता येते. वाशी, भूम, कळंबकडच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटत नाही, पाऊस हातात नाही, पाठीची कळ थांबत नाही, आणि संध्याकाळी कोपीबाहेर बाटली उघडते. अशा माणसाने कोणती प्रार्थना म्हणावी? आज संध्याकाळपुरती कार्डावरचीच. उचल आज फिटणार नाही, पण हा एक ग्लास नाकारता येतो. मुकादमीची सगळी रीत बदलायला हवी, हे वाक्य मात्र एकट्याच्या तोंडी पेलत नाही. त्याला नीबूर यांचे अनेकवचन लागते.

आणि मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन दरवाजे आहेत. इंग्रजीत एकच. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. निजामाच्या राज्यात आबकारीचे उत्पन्न मोठे होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली ती म्हणूनच. आज गावातल्या बायका दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान करतात आणि ‘आडवी बाटली’वर शिक्का मारतात. ही सगळी ‘आपण’ची कामे. मूळ पाठातले धैर्य या मतपेटीत उतरलेले मला दिसते.

त्याच बायकांपैकी एखादी घरी येऊन कार्डावरची प्रार्थना वाचू लागली, तर शब्द तेच राहूनही अर्थ उलटतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल-अॅनॉन उभी केली. तिथेही हीच प्रार्थना म्हणतात. तिच्यासाठी बदलता न येणारी गोष्ट म्हणजे नवरा. बदलता येणारी म्हणजे ती स्वतः, तिची मजुरी कुठे ठेवायची, मारहाण झाली तर कुठे जायचे. इथे मराठी वाचकाने सावध राहावे. ‘स्वीकार’ हा शब्द आपल्याकडे फार लवकर ‘नशिबाचे भोग’ होतो, आणि बाईला तर भोगण्याचा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. प्रार्थनेत शांतीला लागूनच धैर्य मागितले आहे. पहिली मागणी म्हणून तिथेच थांबणाऱ्याने अर्धीच प्रार्थना म्हटली.

तिसऱ्या मागणीला मराठीत सहसा ‘शहाणपण’ हाच शब्द वापरतात. काहींना ‘विवेक’ जास्त भारदस्त वाटेल. मला शहाणपणच आवडते, कारण पिणाऱ्याने तो शब्द आयुष्यभर शिवीसारखा ऐकलेला असतो. शहाणा हो. शहाणपण शिकवू नकोस. तोच शब्द आता तो स्वतःच्या तोंडाने मागतो. या शहाणपणात दवाखानाही येतो. बऱ्याच वर्षांची दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरची गरज ओळखणे हा त्या तिसऱ्या मागणीचाच भाग आहे.

गळून पडलेला ‘कृपा’ हा शब्द पुढे मुंबईत वेगळ्याच रूपाने भेटतो. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये व्यसनमुक्तीचे काम सुरू केले आणि संस्थेचे नाव ठेवले कृपा फाउंडेशन. कॅथलिक धर्मगुरू, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा शिष्य. त्यांच्या केंद्रांत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला आसने आणि श्वास आला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाव योगायोगाने ठेवले असेल, तरी मूळ पाठ माहीत असलेल्या वाचकाला ते भरपाईसारखे वाटते. शांती मागून घेता येते, पण मागणारा हात थरथरत असताना तो उचलून धरणारे काही लागते, आणि नीबूर यांनी ते सगळ्यांत आधी लिहिले होते.

मीटिंगमध्ये ही प्रार्थना म्हणण्याआधी पुष्कळ ठिकाणी क्षणभर स्तब्ध राहतात. जो अजून बाहेर पीत आहे, त्याच्यासाठी. मग सगळे एकदम म्हणू लागतात. कार्डावर एकवचन आहे, म्हणून प्रत्येक जण ‘मला’ म्हणतो. पंधरा-वीस माणसे एकाच श्वासात, एकाच खोलीत, ‘मला’.