‘आम्ही’चे दोन अर्थ : ‘जिणं आमुचं’ आणि ‘करुक्कु’

उपेक्षित समाजांच्या सामाजिक अभ्यासात कुटुंब, श्रद्धा आणि समूहाशी असलेले नाते ही तीन स्वतंत्र प्रकरणे मानण्याचा प्रघात आहे. दलित आत्मकथनांकडे अशा अभ्यासात बहुधा या प्रकरणांना लागणारी सामग्री म्हणून पाहिले जाते. त्यामुळे अनुभव हाती लागतो. परंतु तो कोणत्या सर्वनामातून आणि कशाविषयी मौन पाळून सांगितला गेला आहे, हे निसटते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि बामा यांचे तमिळ ‘करुक्कु’ (१९९२) ही आत्मकथने शेजारी ठेवून वाचली असता या उणिवेचे गांभीर्य ध्यानात येते.

‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाने येण्यापूर्वी ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले होते. त्यातील निवेदन प्रामुख्याने वीरगावच्या महारवाड्याचे आहे. आषाढातील देवकार्ये, पोतराज म्हणून देवीला वाहिलेला मुलगा, बायांच्या अंगात येणे, भल्या पहाटे जात्यावर बसणारी कोवळी सून आणि तिच्यावर सत्ता गाजवणारी सासू हे सारे एकाच सलग वर्णनात येते. येथे श्रद्धा कुटुंबाबाहेरची नाही. कोणाचा मुलगा देवाला वाहायचा, सुनेने किती सोसायचे, हे ठरवणारी व्यवस्था आणि देवघर यांची मुळे परस्परांत गुंतलेली आहेत. गावाने ज्यांना गुलाम केले त्यांना घरात गुलाम करण्यासाठी सूनच सापडली, हे कांबळे यांचे निरीक्षण जातिव्यवस्था आणि पितृसत्ता यांचा सांधा नेमका दाखवते.

म्हणूनच या ग्रंथातील धर्मांतर एका व्यक्तीच्या मनःपरिवर्तनाची कथा होत नाही. जेजुरी येथील डॉ. आंबेडकरांच्या भाषणाचा परिणाम वस्तीवर होतो. १९५६ च्या धम्मदीक्षेकडे नेणारी वाटचालही वस्तीचीच असते. जुने देव सोडले तरी आपल्या माणसांना सोडावे लागत नाही; किंबहुना ती माणसे नव्या अर्थाने आपली होतात. आपल्या समाजाला विसरणाऱ्या सुशिक्षितांवर लेखिका ज्या कठोरपणे टीका करते, त्या टीकेचा आधारही हाच आहे.

या ‘आम्ही’ला एक किंमत मोजावी लागली आहे. ग्रंथाच्या २००८ मधील इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या, अनुवादक माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत बेबी कांबळे पतीकडून झालेल्या मारहाणीविषयी आणि त्याच्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवलेल्या लेखनाविषयी बोलतात. मूळ ग्रंथात हा वैयक्तिक भाग नाही. वस्तीतील सुनांचा छळ निर्भीडपणे मांडणारी लेखणी स्वतःच्या संसाराशी येऊन थांबते. या मौनाला केवळ संकोच म्हणता येणार नाही. समूहाची वेदना आधी, स्वतःची नंतर, अशी ती निवड आहे. अनुवादाचे ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ हे शीर्षक तुरुंग फोडल्याची ग्वाही देते; मूळ शीर्षक मात्र केवळ ‘जिणे’ सांगते. त्या जिण्यात न फुटलेल्या तुरुंगालाही जागा उरते.

‘करुक्कु’मधील प्रवास याच्या उलट दिशेने होतो. ताडाच्या पानाच्या देठाची करवती धार हे शीर्षकच दुहेरी कापणारे आहे. बामा कॅथलिक पराय्यर कुटुंबात वाढल्या. तेथे श्रद्धा वारशाने आली असली, तरी चर्च आणि शाळा वरच्या जातींच्या वस्तीत आहेत. दलित मुलांच्या उपयोगी पडावे या हेतूने त्या जोगीण होतात आणि मठात जातिभेद अनुभवून १९९२ मध्ये बाहेर पडतात. हा निर्णय एकटीचा आहे. येशूवरील निष्ठा आणि चर्चमधील स्थान यांची फारकत करताना निवेदिकेला घर, उपजीविका आणि ओळख तिन्ही नव्याने शोधावे लागतात. त्यातच, बोलीभाषेत उघडपणे लिहिलेल्या या पुस्तकामुळे गावकरी दुखावले आणि काही काळ त्यांना गावात जाणे अशक्य झाले. ज्या ‘आम्ही’साठी लिहिले, त्यानेच काही काळ दार लावून घेतले.

दोन्ही अनुभवांतील अंतर केवळ स्वभावाचे नाही, हे कायद्याच्या संदर्भातही पाहावे लागते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. शीख सरसकट १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. अर्थात, जात चर्चमध्ये टिकते, पण कागदावर मान्य होत नाही. बौद्ध दलिताची श्रद्धा आणि त्याचा सामाजिक हक्क यांतील विरोध राज्यसंस्थेने उशिरा का होईना दूर केला. बामांच्या समाजापुढे तो कायम राहिला.

तौलनिक अभ्यासाने म्हणूनच ‘दलित स्त्रीचा अनुभव’ असे एकच शीर्षक देऊन या ग्रंथांना एकत्र बांधू नये. एकीत ‘मी’ ‘आम्ही’त विसावतो आणि काही सांगायचे राहून जाते, दुसरीत ‘मी’ ‘आम्ही’कडे परततो आणि सांगितल्याबद्दल शिक्षा भोगतो. समूहाचे असणे म्हणजे काय, याचे उत्तर या दोन सर्वनामांच्या नात्यात आहे. ते नाते न वाचता काढलेले निष्कर्ष आकडेवारीने कितीही भक्कम केले, तरी त्यांत या दोन स्त्रियांनी मोजलेल्या किमतीची नोंद नसेल.