मानवाकृती, उत्तर कोकणातील शिल्पांतील

वसईजवळचे सोपारे (प्राचीन शूर्पारक, सध्याचे नालासोपारा) आणि त्याच्या दक्षिणेस असलेली कान्हेरी व एक्सर ही स्थळे यांतून सुमारे अकराशे वर्षांच्या कालखंडातील शिल्पे उपलब्ध आहेत. शिल्प व चित्रकला या ललित कला म्हणून भारतात अस्तित्वातच नाहीत, असे मत जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये मांडले होते. भारतीय मूर्तींत स्नायू व अस्थी यांचे ज्ञान दिसत नाही, सर्व देह सारखेच दिसतात, हा आक्षेप पुढेही दीर्घकाळ घेतला गेला. उत्तर कोकणातील शिल्पे जवळून पाहिली असता हा आक्षेप कोठे अप्रस्तुत ठरतो आणि कोठे त्यात तथ्य उरते, हे ठरविता येते.

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचे काम सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सुरू झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर दंपतींच्या भव्य आकृती असून त्या सामान्यतः दात्यांच्या मानल्या जातात. रुंद खांदे, भरीव मांड्या, जड शिरोभूषणे व पैंजण यांतून ऐहिक समृद्धीचा प्रत्यय येतो. परंतु चेहऱ्यांवरून व्यक्ती ओळखता येत नाही. दात्याची ओळख कोरीव लेखात आणि त्याचे सामाजिक स्थान देहाच्या डौलात, अशी ही विभागणी आहे. त्याच चैत्यगृहाच्या ओवरीत पाचव्या-सहाव्या शतकांत कोरलेल्या सु. ७ मी. उंचीच्या दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत. दंपतींच्या देहातील मांसलपणा येथे लोपला असून तलम वस्त्रातून देहाची केवळ बाह्यरेषा जाणवते.

सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. स्थानिक लोक त्यास ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक व सोने यांचे करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान ब्राँझमूर्ती मांडलेल्या होत्या. त्या आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जातात, म्हणजे नाण्याहून कित्येक शतकांनी नंतरच्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात त्या आहेत. सात मूर्ती गौतमासह सात मानुषी बुद्धांच्या व आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची होय. बुद्धांची देहयष्टी जवळजवळ एकसारखी असून भेद मुख्यतः हस्तमुद्रांतून दाखविलेला आहे; मैत्रेय मात्र बोधिसत्त्व असल्याने अलंकारयुक्त आहे. हे साम्य कौशल्याच्या अभावातून आलेले नाही. युगे बदलली तरी बोधी एकच, हा आशय सात वेगळ्या चेहऱ्यांनी नष्टच झाला असता. येथे साम्य हेच विधान आहे.

नालासोपारा येथील चक्रेश्वर महादेव मंदिराच्या आवारातील ब्रह्मदेवाची उभी पाषाणमूर्ती सामान्यतः शिलाहारकालीन समजली जाते. तोवर मूर्तिशास्त्रातील तालमान रूढ झाले होते. १२ अंगुलांचा एक ताल व नवतालमानात १०८ अंगुलांची मूर्ती, अशा या गणितात मुखाची लांबी हे देहाचे एकक ठरते. समोरून दिसणारी तीन मुखे एकाच धडावर बसवूनही मूर्ती विचित्र वाटत नाही, याचे श्रेय या प्रमाणबद्धतेस द्यावे लागेल. तथापि प्रमाण निश्चित झाले, की निरीक्षणाची निकड कमी होते. उत्तरकालीन अनेक मूर्तींत अलंकारांची दाटी वाढून देह ताठर झालेला आढळतो. तेथे उपरोक्त आक्षेपात तथ्य आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे बोरिवलीजवळील एक्सरचे वीरगळ. शिलाहार राजा सोमेश्वर व यादव नृपती महादेव यांच्यातील इ. स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो. खालून वर वाचावयाच्या पट्टांत जमिनीवरील व समुद्रावरील लढाया, वीरांचा मृत्यू आणि त्यांचे स्वर्गारोहण कोरलेले आहे. आकृती लहान व ओबडधोबड असून तालमान तेथे जवळजवळ लागू नाही. परंतु वल्ही मारणाऱ्यांच्या एका लयीत झुकलेल्या रांगा आणि पडलेले देह यांतून मर्त्य मनुष्य प्रथमच कृतीच्या केंद्रस्थानी येतो. येथेही चेहरा मूक आहे. बोलते ती हालचाल.

वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची प्रतिमा आली. तीत ताणलेल्या बरगड्या व जखमा यांनाच अर्थ असतो, कारण वेदना हाच तिचा विषय आहे. तिच्या निकषावर सोपाऱ्याचा बुद्ध निर्जीव ठरेल आणि बुद्धाच्या निकषावर ती प्रतिमा अशांत ठरेल. म्हणून मानवाकृतीचे मूल्यमापन करताना देह किती हुबेहूब आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या देहाकडून शिल्पकाराने कोणते कार्य अपेक्षिले आणि ते कितपत साधले, हाच खरा निकष होय. त्या निकषावर सोपाऱ्याच्या छोट्या ब्राँझमूर्ती आणि एक्सरचे अनघड वीरगळ ही दोन्ही शिल्पे, परस्परांहून इतकी भिन्न असूनही, यशस्वी ठरतात.