शाळेच्या बाईंची कविता

तीन जानेवारीला आमच्या वस्तीत सभा झाली. वक्ते तासभर बोलले. शेण, चिखल, दगड आणि पिशवीतलं दुसरं लुगडं. मी सूतगिरणीतली रातपाळी करून आलेलो, डोळे चुरचुरत होते, तरी शेवटपर्यंत थांबलो. कविता एकही आली नाही. घरी येऊन धाकट्या बहिणीला विचारलं, सावित्रीबाई कोण गं? म्हणाली, जोतिबांची बायको. मास्तरांनी एवढंच सांगितलेलं.

मित्रहो, माझं भांडण इथं आहे. 'काव्यफुले' १८५४ साली छापलं गेलं. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. मीही आज तेवीसचाच, म्हणून हिशेब चटकन लागला. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते केशवसुत जन्मले १८६६ साली. म्हणजे पुस्तक आधी आणि जनक बारा वर्षांनी! समीक्षकांनी बाईंना शिक्षणाच्या इतिहासात बसवलं आणि कवितेचं दार लावून घेतलं.

आता मी काही आरती करायला बसलेलो नाही. त्यांच्या कवितेत उपदेश फार आहे. काही कविता तर सरळ धडेच वाटतात. 'इंग्रजी माउली' हे नाव वाचून माझं डोकं फिरलं होतं. गोऱ्या सायबाची भाषा, ती आमची आई कशी? मग उमगलं. संस्कृतचं दार जिच्या तोंडावर बंद, तिनं उघडं दार दिसलं त्याला आई म्हटलं. आणि उपदेश म्हणाल, तर ही बाई रोज वर्गात उभी राहणारी होती. समोर बसलेल्या पोरींना पाठ व्हावं म्हणून लिहायची. तरी त्याच पुस्तकात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे. आमच्या माणसानं फुलावर लिहिलं की आम्हीच नाक मुरडतो. का? फुलं काय त्यांच्याच अंगणातली?

पण शिक्षिका जोखायची तर तिच्या शाळेतून काय बाहेर पडलं ते बघा. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोरगी मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. इमारतीच्या पायात शेंदूर-तेल पाजून गाडलेली आपली माणसं, छपराविना बाळंत होणाऱ्या बायका, सगळं तिनं लिहिलं. आणि विचारलं, वेद फक्त बामणांचे असतील तर आमचा धर्म कोणता? तिथं उपदेश नाही, थेट सवाल आहे. बाईंची खरी कविता मला तिथं दिसते.

तो निबंध मी बहिणीला दिला. चुलीपुढं बसून तिनं वाचला, भाकरी करपली. म्हणाली, "दादा, ही माझ्याएवढीच की रे!"

पुढल्या तीन जानेवारीला वक्ता नको. तिला उभी करा. वाचू द्या.