आई जवळ आहे, मग खेळ कशाला?

लातूर-नांदेडकडच्या बालरुग्ण कक्षात हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल: "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." सुई टोचते आणि पोराचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

आज वाचूया 2015 चा कॉक्रेन आढावा. प्रश्न असा: भूल देताना मुलांची भीती औषधाशिवाय कमी करता येते का? 28 चाचण्या, 2681 मुलं. आईवडील नुसते शेजारी असल्यानं भीती कमी होते, असं दिसलं नाही. विदूषक-डॉक्टर, हातातला व्हिडिओ गेम यांचा मात्र उपयोग होईलसं वाटतं.

माझी तक्रार दोन गोष्टींची. बहुतेक उपाय एकेका चाचणीतच तपासलेत. आणि मोजलं काय, तर भूल देतानाची भीती आणि सहकार्य. खेळतज्ज्ञाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. बाहुलीला मास्क लावायचा, बिनसुईची सिरिंज पोराच्या हातात द्यायची, दुखणार असेल तर "दुखेल" म्हणायचं. भातुकलीच, पण दवाखान्याची.

तुम्ही म्हणाल, ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात. तिथं खेळाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. औषधं आणि माणसं आधीच हवीत. पण म्हणून उरलेलं सगळं आईवर टाकू नका. तीही घाबरलेलीच असते. जवळ असणं आणि मुलाची तयारी करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यासाठी शिकलेलं माणूस लागतं.