ध्रुवीय प्राणी : तक्त्यावरचे आणि खरे

'बर्फाळ प्रदेशातील प्राणी' हा तक्ता अनेक प्राथमिक वर्गांच्या भिंतीवर आढळतो. पवनानगर परिसरातील एका वर्गात आम्ही पाहिलेला तक्ता त्याच जातीचा होता. मध्यभागी पांढरे अस्वल, त्याच्या पायाशी पेंग्विन, शेजारी सील, आणि खाली ओळ : 'या प्राण्यांना थंडी आवडते.' छपाई चांगली, चित्रे ठसठशीत. परंतु मूल पाठाकडे अर्धा तास पाहते आणि तक्त्याकडे वर्षभर. म्हणून तक्त्याचे परीक्षण पाठ्यपुस्तकाइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवे.

पहिला दोष भूगोलाचा. पांढरे अस्वल केवळ उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात राहते. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. त्यांतले सर्वांत उत्तरेकडचे विषुववृत्तावरील गालापागोस बेटांवर राहतात. या दोघांची निसर्गात कधीच गाठ पडत नाही. 'अस्वल पेंग्विनला खात कसे नाही?' असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर तक्त्यापाशी उत्तर नाही. ते पृथ्वीगोलावर आहे. तो नसेल तर चेंडूवर दोन खुणा केल्या तरी भागते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पेंग्विन म्हटले की बर्फ, ही गाठ तक्ता पक्की करतो. पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत. अंटार्क्टिकाच्या भूमीवर पिल्ले वाढवणाऱ्या त्यांतील मोजक्याच. मुंबईच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये आणलेले हम्बोल्ट पेंग्विन हे पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तेथे समुद्राचे पाणी थंड, पण किनारा वाळवंटी असतो. सहलीला गेलेल्या मुलीने ते पेंग्विन बर्फावाचून हिंडताना पाहिले आणि चाचणीत 'सर्व पेंग्विन बर्फात राहतात' या विधानापुढे 'चूक' लिहिले, तर तिला गुण मिळतील काय? न मिळाल्यास ती एवढेच शिकेल की, डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा भिंतीवर छापलेले खरे. विज्ञान शिकवणाऱ्याने याहून मोठे नुकसान ते कोणते करावे?

तिसरा दोष 'थंडी आवडते' या शब्दांत आहे. हे उत्तर नव्हे. प्रश्न बंद करण्याची युक्ती आहे. खरा प्रश्न असा की, शरीरातली ऊब बाहेर जात कशी नाही? मावळच्या पावसात भिजत शाळेत येणाऱ्या मुलांना हा प्रश्न परका नाही. त्यांना विचारावे, घोंगडी ऊब तयार करते काय? बहुतेक जण 'हो' म्हणतील. मग गोळेवाल्याकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणावेत. एक घोंगडीत गुंडाळावा, दुसरा उघडा ठेवावा. कोणता आधी वितळेल, हे मुलांनी आधीच वहीत लिहावे. घोंगडीतला बर्फ मागाहून वितळतो, कारण लोकरीत अडकलेली हवा उष्णतेला अडवते. मग ती आतून बाहेर निघालेली असो की बाहेरून आत. अस्वलाचे दाट केस हेच काम करतात. त्यांच्या जोडीला कातडीखाली चरबीचा थर असतो. तो दहा सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकतो.

चरबीसाठी दोन पिशव्यांमध्ये वनस्पती तूप भरून हात बर्फाच्या पाण्यात घालण्याचा प्रयोग अलीकडे सुचवला जातो. तो चांगला आहे. परंतु दुसरा हात उघडा ठेवल्यास तुलना फसते. दुसऱ्या हातावरही दोन पिशव्या हव्यात, फक्त तुपाशिवाय, आणि मधली हवा दाबून काढलेली. नाहीतर ऊब तुपाने राखली की प्लॅस्टिकने, हे कळणार कसे?

एक दंतकथाही गाळावी. अस्वलाचा प्रत्येक केस सूर्यप्रकाश कातडीपर्यंत पोचवणारी नळी आहे, असे पुष्कळ ठिकाणी छापले गेले. डॅनियल कून या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा प्रकाश केसात थोडे अंतर जाताच विरतो, असे दिसले. ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी; छापलेलेही तपासता येते, हे त्यांना त्यातून समजेल.

उत्तर ध्रुवीय प्रदेशाशी आपला संबंध तितका दूरचाही नाही. तेथील गवताळ, दलदलीच्या भूमीवर उन्हाळ्यात घरटे करणारा चिमणीएवढा छोटा टिलवा हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या उजनीच्या काठी चिखलात किडे टिपताना दिसतो. तक्त्यावर मात्र त्याला जागा नाही.

तक्ता फेकून देण्याची गरज नाही. मुलांकडून तो कात्रीने कापून घ्यावा. अस्वल उत्तरेच्या भिंतीवर, लोहगडाच्या अंगाला. पेंग्विन दक्षिणेच्या, तिकोन्याच्या अंगाला. खालची ओळ काढून टाकावी आणि तेथे कोरा कागद चिकटवावा. त्यावर काय लिहायचे, ते बर्फ वितळल्यावर मुलेच ठरवतील.