‘कालिया मर्दन’ला साथ देताना

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ 1919 चा. मूकपट खरा, पण त्या काळी पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचाच. आजही जुन्या मूकपटांना नवं संगीत मिळतं; 1928 च्या ‘शिराझ’ला अनुष्का शंकर यांनी 2017 मध्ये दिलं. म्हटलं, आपल्या पांढुर्णा-सौंसरची भजनी मंडळी का नको? घरच्या भिंतीवर चित्रपट लावला.

पहिला प्रयोग फसला. कृष्ण कळसूत्री बाहुलीसारखा उड्या मारतोय आणि तबलजी मागे धावतोय! चूक माझी होती. मूकपट साधारण सेकंदाला 16 ते 18 चौकटींनी चालत. मी 24 ने चालवला. 16 च्या वेगाने हजार फूट फिल्म पावणेसतरा मिनिटं चालते, 24 ने जेमतेम अकरा. वेग उतरवला, केरवा आपोआप बसला.

दुसरी अडचण आमच्या भक्तीची. कथा सगळ्यांना पाठ, त्यामुळे मंडळी चित्र न पाहता कथा वाजवत होती. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते. पेटीने प्रत्येक भाव आधीच सांगून टाकला. पुढच्या वेळी तिथे पेटी थांबवली. तेव्हा कुठे ती पोर आम्हाला दिसली.

नवं संगीत जरूर द्यावं. पण आधी वेग तपासा, मग ताल धरा. आणि चेहरा बोलत असेल तिथे आपण गप्प बसावं.