गोतसभेचा न्याय

डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ (पुणे, १९५३) आम्ही पुन्हा वाचला. १६०० ते १८१८ या काळातील महजर व निवाडपत्रे हा त्याचा पाया. शास्त्र काय सांगते यापेक्षा गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्यासमक्ष वाद प्रत्यक्षात कसा तुटे, हे त्यातून कळते. हेच ग्रंथाचे बळ. मात्र असे कागद बहुधा वतनाच्या भांडणांतून उरले. ज्याला वतनच नव्हते त्याची फिर्याद त्यांत क्वचितच उमटते. दिव्यालाही पुरावा मानणाऱ्या त्या व्यवस्थेचा नुसता अभिमान पुरेसा नाही. सुरतेतील आपल्या एखाद्या घरी मोडी महजर असेल, तर जाणकाराकडून तो वाचून घ्यावा. आणि त्यात कोणाचा शब्द नाही, हेही पाहावे.